छप्पर उघडणारे चौघे



कफर्णहूम गावी चौघांनी एका पक्षाघाती माणसाला खाटेसह उचलून आणले. दारात गर्दी होती. पण ते मागे फिरले नाहीत. छप्पर उघडून त्यांनी त्याला प्रभू येशूपुढे उतरवले (मार्क २:१-१२). प्रभूने पाहिला तो त्यांचा विश्वास!

आज खाटेच्या जागी व्हीलचेअर आहे, श्रवणयंत्र आहे. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ आहे. तो लावून गुडघ्याखाली पाय गमावलेला माणूस अनवाणी चालतो, मांडी घालून बसतो. या साधनांबद्दल देवाचे आभार मानू या.

पण दारातली गर्दी हटली का? ठाणे, डोंबिवली, कल्याणला थांबणाऱ्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. गर्दीच्या वेळी त्यात धडधाकट माणसे शिरतात आणि कुबडीवाला फलाटावरच राहतो. त्या वेळी दार अडवणारे आपणच असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींत सुलभ प्रवेश बंधनकारक केला. मग देवाच्या घराच्या पायऱ्यांचे काय? व्हीलचेअर कितीही चांगली असली, तरी ती तीन पायऱ्या चढत नाही.

या आठवड्यात आपल्या लहान ख्रिस्ती समूहात विचारपूस करा : मिस्साला यावेसे वाटूनही कोण घरीच राहते? पुढच्या रविवारी चौघे मिळून त्यांना घेऊन या. पायरी आड आली, तर तिथे उतार बांधू या. छप्पर उघडण्यापेक्षा ते सोपे आहे.