तकदीर आणि तदबीर

आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या आजाराची बातमी आली की दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, "अल्लाह की मर्जी." दुसरे जरा हळू आवाजात, "परहेज नहीं किया होगा." दोन्ही वाक्ये एकाच बैठकीत, एकाच तोंडातून निघतात आणि त्यांत विसंगती आहे असे कुणाला वाटत नाही. चार दिवसांच्या तापाला हे चालून जाते. पण टाइप वन मधुमेहासारखा आजार मुलाच्या वाट्याला आला, म्हणजे या दोन वाक्यांच्या मध्ये एक अख्खे आयुष्य भरडले जाते. म्हणून हा प्रश्न आम्हाला नुसता डॉक्टरांचा वाटत नाही, तो दीनाचा आणि नीतीचाही आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हा आजार मिठाई खाऊन होत नाही, आणि आई-बापाच्या गुनाहांची सजा म्हणूनही येत नाही. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. पूर्वी असे मूल काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत दगावत असे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली आणि तो पुढे तेरा वर्षे जगला. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा, हृदय यांना वीस-पंचवीस वर्षांनी पोहोचणारी इजा ही त्यानंतरची कहाणी आहे. आयुष्य लांबले तेव्हाच हे लांबचे धोके दिसू लागले.

लांबच्या धोक्यासोबत राहणे सायखेड्याला नवे नाही. गोदावरीच्या काठी आमचे गाव. गंगापूर धरणातून पाणी सोडले, नाशिकला दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढले, की इकडे सायखेडा-चांदोरीत लोक सामान वर चढवायला लागतात. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पुराच्या खुणा भिंतींवर दाखवणारी माणसे गावात आहेत. तरी कुणी गाव सोडले नाही. पण पुराला आवाज असतो, निरोप असतो. रक्तातली वाढलेली साखर निरोप देत नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत असताना फळ्यावरचे अक्षर अगदी स्वच्छ दिसते. म्हणूनच या आजारात पाच वर्षे गेली की वर्षातून एकदा पडदा आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्या, पाय बघून घ्या, असे डॉक्टर सांगतात. काही दुखत नसताना रोजंदारी बुडवून तपासणीला जायचे, हे आमच्याकडच्या बापाला पटवणे अवघड जाते.

मग तदबीर केली तर फळ मिळते का? मिळते, आणि याचा पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षे १४४१ रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली. काहींनी नेहमीसारखे उपचार घेतले, काहींनी दिवसातून अनेकदा साखर तपासून तिला कडक आवर घातला. ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात कडक आवर घालणाऱ्यांना पडद्याचा विकार होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी आढळले. पाहणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी आधीच्या चांगल्या वर्षांचा फायदा पुढे कित्येक वर्षे टिकला. म्हणजे शरीर हिशेब ठेवते, आणि मुलाला हिशेब कळत नसतो त्या वयापासून ठेवते.

परंतु त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. कडक आवर घालणाऱ्यांत साखर एकदम खाली जाऊन दुसऱ्याची मदत लागण्याचे प्रसंग तिपटीने जास्त होते. वीस वर्षांनंतरचा डोळा वाचवायचा तर आज रात्री बेशुद्ध पडण्याचा धोका थोडा वाढतो. या तराजूत रोज वजन करत बसणारी ती आई असते. मध्यरात्री उठून झोपलेल्या मुलाचे बोट टोचणारीही तीच. तिला कुणी "परहेज नहीं किया होगा" म्हणतो, तेव्हा तिने काय काय केले हे त्याला ठाऊक नसते. शिवाय ७६ टक्के हा आकडा जमावाचा असतो, एकट्या मुलाचा नाही. पुरेपूर काळजी घेऊनही एखाद्याची मूत्रपिंडे बिघडतात, आणि हयगय करूनही एखादा सुटतो. जिथे तदबीर संपते तिथे उरणाऱ्या भागाला आम्ही तकदीर म्हणतो. तकदीर आधी आणून तदबीर टाळणे आम्हाला मान्य नाही, आणि निकाल वाईट लागला म्हणून तदबीर केलीच नसेल असे मागून ठरवणे त्याहून वाईट.

हजरत उमर यांचा शाम प्रवासातला प्रसंग आपल्याला माहीत आहे. पुढे अमवासची साथ आहे असे कळताच ते माघारी फिरले. हजरत अबू उबैदा यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? त्यावर आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत, अशा अर्थाचे उत्तर उमर यांनी दिले. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची हदीसही हेच शिकवते. इन्सुलिनची सुई हा बांधलेला उंट आहे. ती बंद करून ताविजावर भागवा असे सांगणारे आजही भेटतात. टाइप वनच्या मुलाची सुई बंद झाली तर काही दिवसांत जीव धोक्यात येतो, आणि तिथे तकदीरचे नाव घेणे आम्हाला बेअदबी वाटते.

एके काळी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत, त्यामुळे आपल्या घरांत हलाल-हरामची शंका निघे. जीव वाचवण्यासाठी सवलत आहे हे उलेमांनी तेव्हाही सांगितले होते. १९८२ पासून जंतूंकरवी तयार केलेले मानवी इन्सुलिन आले आणि २००३ मध्ये आपल्या वोखार्ट कंपनीनेही ते बाजारात आणले. ती शंका मागे पडली, रोजाची मात्र राहिली. आजाऱ्याला रोजातून सूट कुरआननेच दिली आहे. तरीही १३ देशांत २००१ साली झालेल्या पाहणीत टाइप वनच्या सुमारे ४३ टक्के रुग्णांनी किमान पंधरा रोजे ठेवल्याचे दिसले, आणि साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रमाण त्या महिन्यात जवळजवळ पाचपट झाले. श्रद्धेपेक्षा यात लाजेचा भाग मोठा आहे असे आम्हाला वाटते. रमजानमध्ये उर्दू शाळेच्या वर्गात डबा उघडणारी एकटी मुलगी कशी कोपरा शोधते, हे आम्ही पाहतो. तिला सूट अल्लाहने दिली, नजर मात्र आपण देतो.

यात पैशाचा भाग वेगळा. १९२३ मध्ये इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले गेले, पण द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्याला तपासणीच्या पट्ट्या रोज परवडत नाहीत. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट उभारून गरीब मुलांना इन्सुलिन पुरवण्याचे काम केले. जकात काढताना मदरशाच्या पावतीशेजारी अशा मुलाची पट्टीही आठवावी.

आणि लग्न. एका आईने आम्हाला विचारले, स्थळ येईल तेव्हा सांगायचे की नाही? निकाहात फसवणूक नको, हे खरेच. पण "थोडी शुगर आहे" म्हणून मुलाचा आजार खपतो आणि मुलीचा खपत नाही, तेव्हा सचोटीची सगळी किंमत एकट्या मुलीकडून वसूल होते. सांगावेच, पण पुरते सांगावे. काळजी घेतली तर ती निरोगी बाळ जन्माला घालू शकते, नोकरी करू शकते. वसीम अक्रमला १९९७ मध्ये हा आजार कळला आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला, हेही सांगावे. ज्यांना शंका असेल त्यांनी डॉक्टरांकडे सोबत यावे.

त्या आईला हे पटले की नाही, कळले नाही. मुलगी आठवीत आहे. पडद्याच्या तपासणीसाठी तिला दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला न्यायचे, एवढे मात्र ठरले आहे.