मुलांची उलटतपासणी

माळव्यातील मराठी घरांत वाढणाऱ्या मुलाच्या तोंडी एक प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच, आणि तो आला की घरच्या कर्त्या माणसांची थोडी तारांबळ उडते: आपण इकडे कसे आलो? घरात मराठी, दाराबाहेर माळवी आणि शाळेत हिंदी असा ज्याचा दिवस तीन भाषांत वाटला गेला आहे, त्याला ही शंका न आली तरच नवल. धारचा, देवासचा किंवा सरदारपुराजवळच्या राजगढचा बाप बहुधा ‘पवारांबरोबर आलो’ असे सांगून मोकळा होतो. उत्तर खोटे नव्हे. १७२८ च्या नोव्हेंबरात, राजगढहून फारशा लांब नसलेल्या अमझेऱ्यास चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादुराचा पराभव केला आणि पुढे धार व देवास येथे पवारांच्या गाद्या स्थिर झाल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु मुलाचे तेवढ्याने समाधान होत नाही, कारण त्याला पवारांशी कर्तव्य नसून स्वतःच्या खापरपणजोबाशी आहे. तो शिलेदार होता, दफ्तरात खर्डेघाशी करणारा कारकून होता, की कोणाच्या ओळखीने पोटामागे आलेला गरीब भिक्षुक? हे विचारल्यावर बापाच्या ध्यानात येते की, जे उत्तर आपण वडिलांकडून घेतले आणि जसेच्या तसे मुलाच्या हाती ठेवले, ते आपण स्वतः कधी उलगडून पाहिलेच नाही.

मुलांच्या अखंड विचारण्याचे मोल, माझ्या मते, येथे आहे. ते बुद्धीचे लक्षण आहे वगैरे कौतुक आपण पुष्कळ केले; पण वडीलधाऱ्यांच्या ज्ञानाची ती उलटतपासणी असते, आणि या तपासणीत साक्षीदार बहुधा तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो, याकडे आपले लक्ष जात नाही, किंवा जाऊन आपण ते मुद्दाम काढून घेतो.

देवासचेच उदाहरण घ्या. एका गावाला दोन राजे कशाला? तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांकडे मिळून दौलत आली म्हणून. मग धाकट्याने दुसऱ्या गावी राजधानी का केली नाही? येथे शाळेचे पुस्तक संपते. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने, दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि एकाच गावात दोघांचा अंमल, हा प्रकार १८१८ च्या इंग्रजांशी झालेल्या तहानंतरही चालू राहिला आणि १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली तेव्हाच संपला. (टेकडीवर देवीही दोन, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा; चौकस मुलाने देवींनीसुद्धा वाटणी केली काय असे विचारले तर त्याला रागावण्यात अर्थ नाही.) दोन शतके शहाणी माणसे हे पाहत होती आणि वहिवाट म्हणून स्वस्थ होती. मुलाच्या न्यायासनापुढे मात्र वहिवाट हा पुरावा होत नाही; त्याला कारण हवे असते, आणि जेथे आपल्याजवळ कारण नसून केवळ सवय आहे, ती जागा तो अचूक दाखवितो.

धारच्या लाटेची हकीकत याहून बोधप्रद आहे. दिलावरखानाने १४०५ मध्ये बांधलेल्या मशिदीजवळ एका प्रचंड लोहस्तंभाचे, म्हणजेच या लाटेचे, तीन तुकडे आहेत. एकूण लांबी सुमारे ४३ फूट. हा भोजराजाचा जयस्तंभ, असे मास्तर निःशंक वाणीने सांगतात. एखाद्या मुलीने ‘त्यावर तसे लिहिले आहे का?’ असे विचारले, तर खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यावर लेख आहे तो १५९८ चा, अकबराच्या स्वारीचा. भोजाचे नाव परंपरेने आणि विद्वानांच्या तर्काने जोडलेले आहे. तर्क सयुक्तिक असेल, तथापि तो तर्कच. लोककथा तर या लाटेला एका अवाढव्य तेलिणीच्या तराजूची दांडी मानते, आणि ही कथा ऐकताच मुले त्या तेलिणीची उंची काढू लागतात. मला हे त्रैराशिक मास्तरांच्या निःशंकतेपेक्षा अधिक शास्त्रीय वाटते. त्यात कल्पना आहे, पण मोजमापही आहे; मास्तरांजवळ ऐकीव आणि सिद्ध यांतली सीमारेषाच पुसलेली असते.

ही रेषा पुन्हा आखण्याचे धैर्य दाखविणारे शिक्षक आपल्याकडे झालेच नाहीत असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मुलांसाठी काम आरंभिले तेव्हा, मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिले. गैरहजेरीचा शेरा मारून दफ्तर बंद करण्याऐवजी त्यांनी शाळाच कुरणात नेली; ती कुरणशाळा. शाळा चार भिंतींतच का, हा मुळात मुलाने विचारावा असा प्रश्न, या बायांनी प्रौढपणी स्वतःला विचारला.

मुलांचे सगळेच प्रश्न अशा तोलाचे असतात असा माझा दावा नाही. निम्मे तरी झोप लांबविण्यासाठी किंवा आईचे लक्ष वेधण्यासाठी असतात, आणि त्यांना ‘आता पुरे’ हे उत्तर योग्यच होय. पण उरलेल्या निम्म्यांसाठी धारच्या शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते: वर्गातील मुलांना एकदा लाटेपाशी न्यावे, त्यांच्या हाती मोजण्याची दोरी द्यावी, आणि मुलांनी विचारल्याखेरीज भोजराजाचे नाव काढू नये.