मेलेल्या शिपायाचा हिशेब

"जर्मन शिपाई मेला तर मेला. आपल्याला काय त्याचं?" काही दोस्त विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्यानं हिटलरची बंदूक खांद्यावर घेतली, त्याचं नावगाव आपण कशाला हुडकायचं? आपल्या मेलेल्यांची नोंद कुणी ठेवली नाही, तिथं ही उठाठेव कशाला? मी म्हणतो, म्हणूनच करायची.

आधी वस्तू बघू. युरोपात माळ्यावरच्या पेट्यांतून, जुन्या बाजारातून अजून अशी गाठोडी निघतात. त्यात 'सोल्डबुक' असतं, शिपायाचं पगारपुस्तक. पलटण, दिलेले कपडे, टोचलेल्या लशी, दवाखान्यातले दिवस, घरचा पत्ता, सगळं त्यात. घरी आलेली पत्रं असतात; त्यांवर ठिकाण नाही, नुसता टपालाचा आकडा. कॅथलिक घरातलं स्मरणकार्ड असतं, फोटो नि प्रार्थना छापलेलं. आणि गळ्यातला बिल्ला, मधोमध तोडता येईल असा. शिपाई मेला की अर्धा तोडून न्यायचा, अर्धा मढ्याजवळ राहू द्यायचा. बिल्ल्यावर नाव नसतं. आकड्यावरून नाव काढायचं दफ्तर बर्लिनला आहे. जर्मन लष्करानं ते ऑगस्ट १९३९ मध्ये, पोलंडवर हल्ला करायच्या आधीच उघडलं होतं.

मारायला धाडलेल्याच्या मरणाची केवढी ही तजवीज! त्याच राज्यानं ऑशविट्झमध्ये कैद्यांच्या हातावर आकडे गोंदले. ज्यांना गाडीतून उतरवून थेट गॅसकडे नेलं, त्यांना तेवढाही आकडा मिळाला नाही. साठ लाख ज्यू मारले. कुणाची नोंद ठेवायची हे सत्ता ठरवते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. भीमा कोरेगावच्या खांबावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची 'नाक' लागलेली नावं आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या खांबापुढं उभे राहिले. वेठबिगारीत मेलेल्या येसकराचा खांब कुठाय?

आता शोध पुढं नेऊ. समजा, पगारपुस्तकात ११७ वी येगर डिव्हिजन निघाली नि साल निघालं १९४३. त्या वर्षी १३ डिसेंबरला या डिव्हिजनच्या शिपायांनी ग्रीसमधल्या कलाव्रिता गावातले पुरुष नि पोरं टेकडीवर नेऊन मशीनगननं मारली. जवळजवळ पाचशे. गाव जाळलं. ही एसएसची टोळी नव्हती, साधं सैन्य होतं. स्मरणकार्डावर मात्र तो पितृभूमीसाठी पडलेला वीर!

मग काही लोक म्हणतात, वरून हुकूम होता, बिचारा काय करणार? १९४५-४६ च्या न्युरेम्बर्ग खटल्यात ठरलं, की हुकमानं गुन्हा सुटत नाही. फार तर शिक्षा कमी होईल.

आपल्या गावात हुकमाचं नाव रूढी. काठी उगारणारा म्हणतो, 'माझं काय न्हाई, बापजाद्याची रीत हाय.' १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी बोट धर्मावर ठेवलं: माणूस दुष्ट म्हणून जात पाळत नाही, धर्म शिकवतो म्हणून पाळतो. यावरून काही हुशार लोक माणसाला निर्दोष सोडतात. पण १९२७ च्या महाडकडे बघा. तिथं मनुस्मृती जळली, आणि आपल्या माणसांवर काठ्या चालवणाऱ्यांवर खटलाही झाला. ग्रंथ दोषी ठरला म्हणून हात सुटला नाही.

दुसरे म्हणतात, ते राक्षसच होते. हेही सोयीचं बोलणं. राक्षसाला कोण कोर्टात उभं करतं? ज्याला आई होती, जो घरी पत्रं लिहायचा, थंडीनं कुडकुडायचा, त्यालाच जाब विचारता येतो. तो माणूस होता, म्हणूनच जबाबदार होता.

बुद्धानं अंगुलिमालाला संघात घेतलं. पण तो भिक्षेला गेला की लोकांचे दगड लागायचे, डोकं फुटायचं. बुद्ध म्हणाला, सोस. करुणा दिली, हिशेब पुसला नाही.

म्हणून त्या शिपायाचं नाव काढावं. त्याच्या म्हाताऱ्या बहिणीला थडगं कुठं ते कळावं. पण नावाशेजारी कलाव्रिताही लिहावं. १९८५ साली रेगननं बिटबुर्गच्या दफनभूमीत, जिथं एसएसचीही थडगी होती, तिथं फुलं वाहिली. तो असा हिशेबाशिवायचा शोक होता. जग चिडलं ते उगाच नाही.

दोस्तांनो, आपल्याकडं वस्ती जळते नि कागदावर येतं, 'जमावानं जाळली.' जमावाला आई नसते, पत्ता नसतो, पगारपुस्तक नसतं. जमाव कधीच तुरुंगात जात नाही. तेव्हा वस्तीत जाल तेव्हा वही घेऊन जा. मेलेल्याचं नाव लिहा. मारणाऱ्याचंही लिहा. पूर्ण.