वेदनेचें प्रमाण

जगांत मनुष्यास जीं दुःखें भोगावीं लागतात त्यांत, ज्याचें कारण सांपडत नाहीं असें दुःख विशेष दुःसह होय, असें आम्हांस वाटतें. ज्याचा पाय मोडला आहे त्याच्याकडे कोणी पुरावा मागत नाहीं. पायावरील प्लास्टर त्याच्या वतीनें बोलत असतें. परंतु ज्याच्या अंगावर जखम नाहीं, ज्याच्या सर्व तपासण्या निर्दोष ठरल्या आहेत, आणि तरीही ज्यास रात्रभर कंबरेपासून तळपायापर्यंत भाजल्यासारखें होतें, त्यास एकाच वेळीं दोन ओझीं वाहावीं लागतात : एक वेदनेचें आणि दुसरें ती सिद्ध करण्याचें. हें दुसरें ओझें त्याच्यावर टाकण्याचा आपणांस अधिकार आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ तर्कशास्त्राच्या वर्गांतला नव्हे. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. किरणोपचार आणि त्यांच्या जोडीला सिसप्लाटिन हें औषध, असा आज रूढ असलेला उपचार त्यांनीं निमूटपणें सोसला, आणि रोग गेला. पुढें कांहीं महिन्यांनीं कंबरेखालीं वेदना सुरू झाल्या. बसणें, निजणें, जिना उतरणें, सर्वच अवघड होऊन बसलें. एम. आर. आय. झाला, नसांची विजेची तपासणी झाली. ‘रिपोर्टांत कांहीं नाहीं,’ असें उत्तर आलें. रोग गेल्याचें कळलें तेव्हां हेंच वाक्य ऐकून घरांत पेढे वाटले गेले होते. दुसऱ्या वेळीं तें बाईंना आरोपासारखें लागलें. घरचीं माणसें कांहीं दुष्ट नव्हतीं. ‘जीव वांचला हें काय थोडें झालें?’ असें तीं म्हणत, आणि तें खरेंच होतें. बाईंचें मागणें मात्र लहानसें होतें : ‘बरें करा असें मी म्हणत नाहीं, मी खोटें बोलत नाहीं, एवढें तरी म्हणा.’

अशा वेदनांविषयीं वैद्यकास आज पुष्कळ ठाऊक आहे. सिसप्लाटिन, ऑक्झॅलिप्लाटिन, पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन हीं औषधें कर्करोगाच्या पेशींबरोबर मज्जातंतूंनाही इजा करूं शकतात. सर्वांत लांब तंतु पायांपर्यंत जातात, म्हणून ही पीडा बहुधा पायांच्या बोटांपासून आरंभ पावते. सिसप्लाटिनची रीत तर अशी कीं, औषध थांबविल्यावरही कित्येक महिने इजा वाढत राहूं शकते. ओटीपोटास दिलेल्या किरणांचा परिणाम तेथील मज्जातंतूंच्या जाळ्यावर कित्येक वर्षांनींही प्रकट होऊं शकतो. आणि आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, नसांची जी नेहमींची विजेची तपासणी होते ती जाड तंतूंचें कार्य मोजते. वेदना आणि उष्णता यांची वार्ता नेणारे तंतु अतिशय बारीक असतात, व ते बिघडले असतांही ती तपासणी निर्दोष येऊं शकते.

येथें आपल्या जुन्या मीमांसकांनीं केलेला एक विचार उपयोगी पडण्यासारखा आहे. कुमारिल भट्टांच्या संप्रदायानें अनुपलब्धि, म्हणजे वस्तु न आढळणें, हें अभावाच्या ज्ञानाचें स्वतंत्र प्रमाण मानलें. परंतु त्यास एक अट घातली. जी वस्तु तेथें असती तर खचित दिसली असती, तिचेंच न दिसणें प्रमाण धरावें. उजेडांत जमिनीवर घागर दिसली नाहीं तर घागर नाहीं असें म्हणावें. अंधारांत दिसली नाहीं तर दिसली नाहीं एवढेंच म्हणावें. जाड तंतूंच्या तपासणीवरून बारीक तंतु शाबूत आहेत असें ठरविणें म्हणजे अंधारांतल्या घागरीविषयीं निकाल देणें होय. ‘कारण सांपडलें नाहीं’ येथून ‘कारण नाहीं’ येथें, आणि तेथून ‘वेदनाच नाहीं’ येथें, अशा ज्या उड्या आपण एका दमांत मारतों, त्यांपैकीं एकीसही आधार नसतो.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येकाचें म्हणणें खरें धरूं लागल्यास ढोंग्यांचें फावेल. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. अफूपासून निघालेलीं वेदनाशामक औषधें सावधपणेंच द्यावीं लागतात. शिवाय कर्करोगानंतर उद्भवलेली नवी वेदना ही रोग परतल्याची खूण असूं शकते, म्हणून तिचा कसून शोध घेतलाच पाहिजे. परंतु हा शोध घेतो कोण? ज्यानें रोग्याचें म्हणणें खरें मानलें तो. ज्यानें तें खोटें ठरविलें त्याचा शोध तेथेंच संपला. आपली वेदना ज्याची त्यास मनानें प्रत्यक्ष होते. इतरांस तिचें ज्ञान अनुमानानें किंवा शब्दानेंच व्हावयाचें. अनुमानास खूण सांपडली नाहीं तर शब्द उरतो, आणि या विषयांत आप्त असा एकच, तो म्हणजे स्वतः भोगणारा. वेदनेच्या अभ्यासाकरितां असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९७९ सालीं केलेली आपली व्याख्या २०२० सालीं सुधारली, तेव्हां मनुष्य आपल्या वेदनेविषयीं जें सांगतो त्याचा आदर करावा, असें तिच्या टीपेंत नमूद केलें.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य, म्हणूनच अधिक घातक आहे : ‘हें सारें मनाचें आहे.’ मेल्झॅक आणि वॉल यांनीं १९६५ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, वेदनेच्या वार्तेस पृष्ठरज्जूंत जणूं एक दार ओलांडावें लागतें, आणि तें कमी-अधिक उघडण्यांत मेंदूचाही हात असतो. १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्टोफर्स हें शुश्रूषागृह उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनीं वेदनेचीं शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशीं अंगें एकत्र पाहावयास शिकविलें. भय, जागरण आणि एकाकीपण यांनीं वेदना वाढते हें खरें. पण वाऱ्यानें आग भडकते म्हणून वारा हीच आग, असें कोणी म्हणत नाहीं.

मग भोगणाऱ्यानें काय करावें? विषारी बाण लागलेल्या मनुष्यानें, तो कोणी मारला हें कळेपर्यंत काढूं न देण्याचा हट्ट धरूं नये, हा बुद्धाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. येथें तर बाणही दिसत नाहीं. तरी उपचारास कारणाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ड्युलोक्सेटिनसारख्या औषधानें कित्येकांस थोडाफार उतार पडतो. बेताचा व्यायाम, आणि काम व विसावा यांची मोजून केलेली वांटणी, यांनीं दिवस निभावतो. हें पूर्ण सुख नव्हे, पण जगण्यास पुरेल इतकी जागा त्यांत सांपडते. आणि वांचल्याबद्दलचें ऋण म्हणून मौन पाळण्याची तर मुळींच गरज नाहीं. वांचलेल्या जीवाची कृतज्ञता आणि दुखऱ्या पायांची तक्रार हीं दोन्ही एकाच मनांत प्रामाणिकपणें राहूं शकतात.

कारण शोधणें हें वैद्याचें काम. तें आज साधेल, उद्यां साधेल, कदाचित् साधणारही नाहीं. विश्वास ठेवण्यास मात्र कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, वेदना सिद्ध करण्याचा भार भोगणाऱ्यावर नसावा; ती नाहीं असें जो म्हणतो त्यानें तो वाहावा.