तीनशे दिनारांचा हिशेब

सुगंधावर पैसा खर्च करणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न एखाद्या धर्मगुरूने लेखासाठी घ्यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे घेताना आम्हांलाही तो कधी पडला नव्हता. तो पडला सोलापुरात, आणि तोही एका तक्रारीच्या रूपाने.

आमच्या धर्मग्रामात गरजूंसाठी एक लहानसा निधी आहे. त्यातून एका कुटुंबाला अंत्यविधीसाठी मदत देण्यात आली. घरधनी गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करीत असे. संसार चालत होता तो पत्नीने वळलेल्या विड्यांवर. दफनानंतर आठवड्याभराने एक सद्गृहस्थ आमच्याकडे आले. मदतीच्या पैशांतून बाईंनी गुलाबाच्या अत्तराची कुपी आणली आणि शवपेटीचे काही पैसे मात्र उधार ठेवले, असे त्यांनी सांगितले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांचा हेतूही वाईट नव्हता. निधीच्या पैन्‌पैचा हिशेब तेच ठेवतात. आम्ही बाईंना बोलावून घेतले, आणि आज कबूल करतो, आमच्या आवाजात जाब विचारण्याचा सूर होता.

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “फादर, चाळीस वर्षं ह्या हातांना तंबाखूचा वास आहे. कितीही धुतलं तरी जात नाही. ते कधी बोलले नाहीत, पण जेवायला बसताना खिडकी उघडायचे. शेवटची आंघोळ घालताना तेवढा वास नको होता.”

त्यांना द्यावे असे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या रात्री आम्ही बेथानीचा प्रसंग पुन्हा वाचला.

प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. एक स्त्री शुद्ध जटामांसीचे सुगंधी तेल आणून प्रभूला त्याचा अभ्यंग करते आणि उपस्थितांत कुजबुज सुरू होते. तेलाची किंमत तीनशे दिनार सांगितली जाते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. म्हणजे सणवार व शब्बाथ वगळता ही जवळजवळ वर्षभराची कमाई झाली. ती विकून गोरगरिबांना द्यायला हवी होती, हा आक्षेप योहान यहूदाच्या तोंडी घालतो आणि त्याच्या मनातले कपटही सांगून टाकतो. आम्ही प्रवचनातून नेहमी तेवढेच सांगत आलो, कारण ते सोयीचे असते. मत्तय मात्र हीच कुरकुर सर्व शिष्यांची म्हणून नोंदवतो. ती प्रामाणिक माणसांचीही असू शकते, हे ध्यानात घेतले की प्रसंग एवढा सोपा राहत नाही. आणखी एक गोष्ट इतकी वर्षे आमच्या नजरेतून निसटली होती. आक्षेप घेणाऱ्यांपैकी कोणीही त्या स्त्रीला काही विचारत नाही. तिच्या डोक्यावरून हिशेब चालतो. आम्ही निदान विचारले, असे म्हणून स्वतःची समजूत घालता येईल. पण कोणत्या सुरात विचारले, ते वर सांगितलेच आहे.

ही जटामांसी आली कोठून? ती पॅलेस्टाईनची नव्हे. ही वनस्पती हिमालयात सुमारे ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर वाढते, आणि तिच्या मुळाकडील भागाचे तेल काढतात. आपल्या देशाकडून व्यापाऱ्यांच्या हातोहात ती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर पोहोचत असे. सुगंधांची देवघेव दोन्ही बाजूंनी झाली आहे. आपल्या गजऱ्यातला मरवा मूळचा सायप्रस-तुर्कस्तानकडचा; उलट दक्षिण फ्रान्समधील ग्रास हे अत्तरांचे गाव ज्या फुलावर नावारूपाला आले, ती आपली जाई. १७०९ साली जर्मनीतील कोलन शहरात फरिना या इटालियन घराण्याची छोटी पेढी सुरू झाली. आपल्या मायदेशातील संत्री-लिंबांच्या बागांचा गंध या मंडळींनी मद्यार्कात उतरवला आणि नव्या गावाचे नाव त्याला दिले. तेच पुढे कोलन वॉटर म्हणून जगभर गेले. राजेरजवाड्यांच्या दरबारी मिरवलेले ते पाणी आपल्याकडे कशासाठी लक्षात राहिले? ताप चढलेल्या लेकराच्या कपाळावर आई त्याच्या घड्या ठेवीत असे, त्यासाठी. चैनीची वस्तू आणि शुश्रूषेची वस्तू यांच्यामधली रेघ बाटलीवर छापलेली नसते.

सोलापूरकरांना हे दूरच्या उदाहरणांनी पटवण्याची खरे तर गरज नाही. ७०एक किलोमीटरवर पंढरपूर आहे. तिथला बुक्का ही सुगंधी पूडच. पायी चालत आलेला शेतकरी पदरच्या तुटपुंज्या पैशांतून तिची पुडी घेतो, स्वतःच्या कपाळी लावतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्याही. याला उधळपट्टी म्हणण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही. आपल्या ख्रिस्तसभेतही पवित्र अभ्यंगतेल नुसते तेल नसते, त्यात सुगंधी द्रव्य मिसळावेच लागते. बाप्तिस्म्याच्या वेळी ते विडीकामगाराच्या बाळाला आणि बंगलेवाल्याच्या बाळाला सारखेच लावले जाते.

परंतु एवढ्यावरून सुगंधाला सरसकट निर्दोष ठरवणेही आम्हांला जमत नाही. जटामांसीचे मूळ उपटल्याखेरीज तेल मिळत नाही आणि मूळ उपटले की झाड गेले. आज ही वनस्पती अतिसंकटग्रस्त मानली जाते व तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. जाईची फुले उन्हे चढण्यापूर्वी खुडावी लागतात. ती खुडणाऱ्या बायांच्या मजुरीची चौकशी कुपी विकत घेणारा सहसा करीत नाही. तेव्हा या वस्तूविना गरिबाचे काय अडले होते, हा प्रश्न विचारायचाच असेल तर आधी मोठ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला विचारावा. आपण तो नेमका उलट्या टोकाकडून विचारतो. पैसेवाल्याने अत्तर घेतले तर ती त्याची रसिकता, आणि मदत घेणारीने घेतले तर तो गैरव्यवहार! गरिबाला अन्न, वस्त्र, औषध द्यायला आपण तयार असतो. मात्र एखादी वस्तू निव्वळ प्रेमापोटी वाया घालवण्याचा हक्क त्याला द्यायला आपले मन धजत नाही.

गरीब तुमच्याजवळ नेहमीच असतील, असे प्रभू म्हणाले, त्याचा आधार घेऊन काही जण हात झटकतात. ते अनुवादाच्या १५व्या अध्यायाची आठवण देणारे बोल आहेत, आणि तेथे लगेच हात मोकळा सोडण्याची आज्ञा आहे. म्हणून हिशेब ठेवणाऱ्या त्या सद्गृहस्थांचा प्रश्न आम्ही मोडीत काढू शकत नाही. त्यांना आम्ही बाईंचे उत्तर सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वही उघडली आणि विचारले, “फादर, खर्चाचं कारण काय लिहू?” आम्ही म्हणालो, “अंत्यविधी.” त्यांनी तसे लिहिले.

त्याच महिन्यात औषधासाठी आलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाला आम्हांला मागितल्याच्या निम्मीच रक्कम देता आली होती. वहीत त्या दोन्ही नोंदी एकाखाली एक आहेत.