हरणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे

न्याय देवाकडे मागावा की कोर्टाकडे, असा प्रश्न आमच्या भाट्यात कुणाला पडत नाही. माणसं दोन्हीकडे मागतात. मी खाडीवरचा पूल ओलांडून रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात वकिली केली आणि झरी विनायकाला हात जोडूनच पुलावर गेलो. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं कळतं.

माझ्याकडे यायचे ते बहुतेक आंब्याच्या बागांचे दावे. झाडं मोहोरावर असताना बाग ठरते, विसार दिला जातो. फवारणी कुणाची, राखण कुणाची, हे तोंडीच. मग अवकाळी पाऊस येतो, फळ गळतं आणि उरलेल्या पैशांवरून भांडण लागतं. करार पाळणं अशक्य झालं की नुसतं तोट्याचं झालं? 1872 च्या करार कायद्याचं कलम 56 या दोन शब्दांमधल्या फटीत उभं आहे.

असाच एक व्यापारी. त्याचा दावा आमच्या जिल्ह्यातला नव्हता, माझ्याकडे निकालाची नक्कल समजून घ्यायला तेवढा आला. खाली जिंकलेला, अपिलात हरलेला. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हरलो त्याचं काय नाय ओ वकीलसाहेब. पण माझ्या साक्षीदाराचं का पटलं नाय, ते तरी लिवायचं!"

त्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं. अपिलाच्या निकालात मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि कारणं असलीच पाहिजेत, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 चा नियम 31 सांगतो. साक्षीदार बोलताना अडखळला, नजर चुकवली, हे खालच्या न्यायाधीशाने पाहिलेलं असतं. वरच्यापुढे फक्त कागद येतो. म्हणून खालचा निकाल फिरवायचा तर त्याच्या कारणांना भिडून, आपली कारणं देऊनच फिरवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये संतोष हजारी खटल्यात बजावलं. दुसऱ्या अपिलात तर 1976 च्या दुरुस्तीनंतर उच्च न्यायालयाने आधी कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लिहून काढायचा आणि ऐकायचं ते त्याच्यावर. तो प्रश्न इथे उद्भवतच नाही, हे सांगायचा हक्क समोरच्यालाही आहे.

आता देवाकडे वळू. कोकणात कौल लावतात. पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. देव कारण देत नाही, तरी माणूस तो कौल मानतो. का? श्रद्धा म्हणून, हे खरंच. पण आणखी एक गोष्ट आहे. कौलाआधी गाऱ्हाणं घातलं जातं, मोठ्याने, चारचौघांत. आपलं सगळं म्हणणं देवाच्या कानी गेलं, याबद्दल भक्ताला शंका उरत नाही. न्यायाधीश माणूस आहे. त्याने ऐकलं की नाही, हे त्याने लिहिलेल्या कारणांवरूनच कळायचं. देवाला मौन शोभतं, न्यायाधीशाला नाही.

आपल्या परंपरेनेही हरणाऱ्याचा विचार केला आहे. रत्नागिरीच्या शाळेत काही काळ शिकवलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात व्यवहाराचा, म्हणजे खटल्यांचा, विस्तार मांडला आहे. याज्ञवल्क्याने कुळ, श्रेणी, पूग आणि राजाने नेमलेले अधिकारी अशी चढती उतरंड सांगितली. रीतसर हरूनही जो हार मानत नाही आणि पुन्हा हरतो, त्याला दुप्पट दंड सांगितला. मराठेशाहीत हरलेला पक्ष येजितखत लिहून द्यायचा, आपण हरलो असं. हार स्वतःच्या नावाने लिहून द्यायची, तर ती आधी समजायला हवी.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येकाचं समाधान करत बसलं तर खटला संपायचा कधी? आक्षेप खरा आहे. दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गाच्या करारावर लवादाने 2017 मध्ये निवाडा दिला. तो 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फिरवला, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला आणि 2024 मध्ये त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल चुकला म्हणून रद्द केला. अशा ठिकाणी अंतिमपणा म्हणजे थट्टा वाटते. पण उपाय दार लावून घेण्यात नाही. कारणं पहिल्याच पायरीवर नीट लिहिली गेली, तर पुढच्या पायऱ्या चढायची गरज कमी पडते.

18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरीची अपिलं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. आंबा घाट चढला की झालं. अंतर कमी झालं, हे चांगलंच. आता अपिलाचा मोहही वाढेल, म्हणून पक्षकारांना एवढंच सांगतो: नक्कल हाती आली की आकडा बघायच्या आधी कारणं वाचा. तुमच्या म्हणण्याला तिथे उत्तरच नसेल, तर जरूर वर जा. उत्तर असेल आणि ते नुसतं आवडलं नसेल, तर पैसे भरा आणि पुढच्या मोहोराच्या कामाला लागा.