तीन वर्षांची सोबत

नव्या मुलामुलींनी धंद्यात उतरावे यासाठी महाराष्ट्रात खटपट कमी झालेली नाही. 1988 मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले. जिल्हा उद्योग केंद्रे त्याच्याही आधीची. 2008 पासून केंद्र सरकारचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम चालू आहे, 2015 मध्ये मुद्रा कर्ज आले आणि 2019 पासून राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे. महाविद्यालयांत उद्योजकता कक्ष निघाले, मेळावे भरतात, यशस्वी माणसांची व्याख्याने होतात. पण या साऱ्याचा भर धंदा सुरू होण्याआधीच्या दिवसांवर आहे. प्रकल्प अहवाल, प्रशिक्षण, कर्जमंजुरी, उद्घाटन इथपर्यंत माणसे बरोबर असतात. त्यानंतर पहिले मोठे गिऱ्हाईक पैसे थकवते, कच्चा माल महाग पडू लागतो, हप्त्याची तारीख जवळ येते, तेव्हा घरात धंद्याची परंपरा नसलेल्या मुलाला किंवा मुलीला विचारायला कोणी उरत नाही. मार्गदर्शनाची खरी गरज इथे आहे, आणि ते त्याच धंद्यात, त्याच परिसरात मुरलेल्या माणसाकडूनच मिळू शकते, असे माझे म्हणणे आहे.

हे केवळ अनुभवी माणसांचे मत नाही, त्याची कसोटी झालेली आहे. केनियात नैरोबीच्या दांदोरा या गरीब वस्तीत अर्थशास्त्रज्ञांनी लहान व्यवसाय करणाऱ्या तरुण स्त्रियांचे गट पाडले. काहींना वर्गात बसवून हिशेब, विपणन, नियोजन शिकवले. काहींची गाठ त्याच वस्तीत बरीच वर्षे धंदा करणाऱ्या एकेका बाईशी घालून दिली. उरलेल्यांना काहीच दिले नाही. वर्गात शिकलेल्यांचा नफा वाढला नाही. अनुभवी बाईची सोबत मिळालेल्यांचा नफा मात्र सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास वाढला. त्यामागचे कारण साधे आहे. माल स्वस्त कुठे मिळतो, कोणता पुरवठादार विश्वासाचा, हे त्या बाईला ठाऊक होते, म्हणून नवख्या बायकांचा खरेदीचा खर्च उतरला. ही माहिती पाठ्यपुस्तकात येऊ शकत नाही, कारण ती त्या वस्तीपुरती आणि त्या हंगामापुरती खरी असते. याच अभ्यासाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. भेटीगाठी थांबल्या तसा फायदाही विरत गेला. एकदा दिली आणि कायमची पुरली अशी ही विद्या नाही. बाजार बदलत राहतो, म्हणून विचारणेही चालू राहावे लागते. आपल्याकडे अहमदाबादेत सेवा बँकेच्या ग्राहक स्त्रियांना दोन दिवसांचे व्यवसाय-प्रशिक्षण दिले गेले, तेव्हाही असेच दिसले. ज्या मैत्रिणीला बरोबर घेऊन आल्या, त्यांनी कर्ज घेऊन धंदा वाढवला. एकट्या आलेल्यांच्या व्यवहारात फारसा फरक पडला नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. उद्योजकता ही मुळात वृत्ती आहे, ती आधी घडवली पाहिजे, असे मानणारी परंपरा आपल्या देशात साठ वर्षांची आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1960च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्यात व्यापारी-कारखानदारांवर प्रयोग केला. यशाची ओढ प्रशिक्षणाने वाढवता येते, हा त्याचा निष्कर्ष होता. पुढे गुजरातने 1970च्या सुमारास उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू केले, त्यांचा पायाही हाच. ही परंपरा चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पुढाकार घेण्याची वृत्ती शिकवलेल्या छोट्या व्यावसायिकांचा नफा सुमारे 30 टक्के वाढला, तर रूढ व्यवसाय-शिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात खात्रीने सांगावी अशी वाढ दिसली नाही. म्हणजे वृत्ती शिकवता येते, हे मान्य करायलाच हवे. पण वृत्ती माणसाला शोधायला बाहेर काढते. कुठे शोधायचे हे सांगणारा वेगळा लागतो. आपण पहिल्या गोष्टीची सोय केली आणि दुसरी नशिबावर सोडली.

ज्यांच्या नशिबात ती होती, त्यांचे काय झाले हे महाराष्ट्राच्या इतिहासात दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर बनवला, पण लोखंडाने जमीन नासेल या समजुतीमुळे सुरुवातीला तो खपेना. जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. इचलकरंजीत 1904 मध्ये जहागीरदारांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालवला. त्यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिच्यात कोणी राजा नाही. एका मागावर काम शिकलेला कामगार पुढे स्वतःचे चार माग टाकतो, खर्चीवाला म्हणून दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देतो आणि हळूहळू स्वतःचे सूत घेऊ लागतो. कोणत्या व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर येतात, बीम कुठे भरून मिळतो, मंदीत किती माग बंद ठेवायचे, हे त्याला शेजारच्या शेडमध्ये कळते. गावच मार्गदर्शक असते. हिंगोली किंवा गडचिरोलीतल्या मुलाला असे गाव मिळत नाही. त्याच्यात धाडस कमी आहे, हे निदान मला अन्यायाचे वाटते.

शेजार आपोआप मिळतो तेव्हा तो बहुधा जातीच्या आणि नात्याच्या वाटेने मिळतो, हे विसरून चालणार नाही. पेढीवर बसून शिकलेल्या मुलाला उधारीची नीती बारा-चौदाव्या वर्षीच कळलेली असते. शेतमजुराच्या मुलीला ती कोण सांगणार? 2005 मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केली, ती ही पोकळी ओळखूनच. म्हणून जवळच्या माणसाचे मार्गदर्शन चांगले, हे म्हणून थांबणे पुरेसे नाही. जवळीक जिथे नाही तिथे ती जाणीवपूर्वक घडवावी लागेल. 1992 पासून भारतीय युवा शक्ती ट्रस्ट कर्जाबरोबर प्रत्येक तरुणाला एक मार्गदर्शक जोडून देतो. ते अशक्य नाही, याचा हा पुरावा.

दुसरी शंका अशी की, मार्गदर्शकामुळे मुले उगाच धंद्याच्या नादी लागतील आणि बुडतील. हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेत झालेला अभ्यास उलट सांगतो. ज्या तुकड्यांत आधी धंदा केलेले विद्यार्थी जास्त होते, तिथे नवे धंदे कमी निघाले, आणि जे निघाले नाहीत ते मुख्यतः बुडण्याच्या मार्गावरचे होते. ज्याने धंदा केलेला असतो, तो कच्ची कल्पना ओळखतो आणि तोंडावर सांगतो. वेळीच मिळालेला नकार कुटुंबाची जमीन आणि आईचे दागिने वाचवतो. म्हणून किती धंदे सुरू झाले यावर मार्गदर्शनाचे यश मोजणे घातक आहे. अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे कंपनी काढतानाचे सरासरी वय 45 होते, आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यशाची शक्यता जास्त होती. बाविशीच्या मुलाला ‘आधी दोन वर्षे या धंद्यात नोकरी कर’ असे सांगणारा मार्गदर्शक आपले काम चोख करतो आहे.

यशस्वी माणूस स्वतःचा प्रतिस्पर्धी कशाला घडवील, हा प्रश्नही रास्त आहे. त्यासाठी मार्गदर्शक त्याच धंद्यातला पण शेजारच्या तालुक्यातला निवडावा, आणि त्याच्या वेळेचे मानधन द्यावे. पैसा कुठून येणार, असे कोणी विचारील. आज अनुदान देणाऱ्या योजनांतूनच तो काढता येईल. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत लाभार्थ्याच्या नावे राखून ठेवतात, कारण धंदा टिकतो का हे तेवढ्या काळात कळते असे सरकारच मानते. मग त्याच तीन वर्षांसाठी महिन्यातून एकदा दुकानात किंवा शेडमध्ये येणारा माणूस का नसावा? लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत चुकते करावेत असे 2006चा कायदा सांगतो. पण मोठ्या गिऱ्हाइकाशी संबंध न तोडता ते मागायचे कसे, हे कायद्यात लिहिलेले नाही. ते सांगणारा माणूस हवा.

सरकार हे करील तेव्हा करील. ज्यांनी दहा-पंधरा वर्षे स्वतःचा धंदा चालवला आहे, त्या वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या घरातला नाही, आपल्या जातीतला नाही असा एक तरुण किंवा तरुणी निवडा, आणि तीन वर्षे दर महिन्याला शेजारी बसून त्याच्या किंवा तिच्या हिशेबाच्या वह्या तपासा.